डोळे मिटले की साड्या दिसायच्या

ज्यांच्या हातात नुकताच एमआरआयचा तो भला मोठा लिफाफा पडला आहे आणि तो घरी नेऊन कुठे ठेवावा हेही ज्यांना सुचत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचा लिफाफा आम्ही गादीखाली ठेवला होता. का, ते विचारू नका. मी डॉक्टर नाही, मॅचिंगवाला आहे. औषधांची नावं, तपासण्यांचे आकडे माझ्याकडे मागू नका. काय काय झालं, मी कुठे मूर्खपणा केला आणि शेवटी काय हाती लागलं, एवढं सांगतो.

रायपूरच्या सदर बाजारात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊजचं कापड, अस्तर, फॉल. साडीला जुळणारा रंग काढून देणं हाच धंदा. इतर दुकानांत बायका साडी पिशवीत घालून नेतात, कापडाच्या थानाला, म्हणजे ताग्याला, लावून बघतात, दारात उजेडात जातात, पुन्हा आत येतात. माझ्याकडे साडी आणावी लागत नसे. मी ती एकदा पाहिलेली असली की झालं. लग्नात, देवळात, नाहीतर वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, हळदीकुंकवाहून आणायला गेलो तेव्हा दारातून. दोन वर्षांनी ती बाई आली आणि म्हणाली, "भाऊ, ती माझ्या नणंदेच्या लग्नातली," की मी मागे वळून थान काढायचो.

घर आमचं ब्राह्मणपाऱ्यात. इकडे वस्तीला पारा म्हणतात. तिथे तर रीतच पडली होती. नवी साडी घेतली की बायका आमच्या दारावरून जाताना पिशवीतून पदर बाहेर काढायच्या. "प्रमोदभाऊ, पाहून ठेवा." मी पोहे खाता खाता मान वर करायचो. "पाहिली." संपलं काम. चार महिन्यांनी त्या मोकळ्या हाताने दुकानात हजर. याचा मला किती गर्व होता ते आता सांगायला लाज वाटते. कुणी नवं गिऱ्हाईक साडी घेऊन आलं तर मी तिच्याकडे जरा दयेनेच बघायचो.

ते कसं व्हायचं

लोक म्हणतात, मला आठवतं. मला आठवायचं नाही, दिसायचं. डोळे मिटले की साडी समोर, हातभर अंतरावर उघडायची. तिच्या जवळ जाता यायचं. काठ बघता यायचा, पदरावरची नक्षी मोजता यायची.

भानगड एकच होती. साडी जिथे पाहिली तिथला उजेड बरोबर घेऊन यायची. मंगल कार्यालयातली पिवळट, ट्यूबलाइटखालची निळसर. मग मी त्याच चित्रात दुसरी एखादी वस्तू शोधायचो, जिचा रंग मला पक्का ठाऊक आहे. भटजींचं पांढरं उपरणं, स्टीलचा तांब्या, भिंतीचा चुना. उपरणं जितकं पिवळं झालंय तितका पिवळा साडीतून वजा करायचा. उरला तो खरा रंग. हे सगळं दोन सेकंदांत, गिऱ्हाइकाला "बसा" म्हणेपर्यंत.

वैशालीला हे शिकवायचा मी एकदा प्रयत्न केला. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "मले तर काळं दिसून राहिलं." मला वाटलं, थट्टा करते. मी पन्नाशी ओलांडेपर्यंत असंच समजून चाललो होतो की दिसतं सगळ्यांनाच, फक्त लोक नीट बघत नाहीत.

मजेचे सहा महिने

माझ्या आजाराची सुरुवात फार मजेत झाली, हे मी लपवणार नाही. एका सकाळी दुकानात स्टुलावर उभा राहून अस्तराचा गठ्ठा काढत होतो आणि न बोलावता एक साडी आली. माझ्या आत्याची गाजरी साडी. ती मी सहा वर्षांचा असताना पाहिली असेल. पण काय आली! दोरा न् दोरा वेगळा दिसत होता. पोटातून काहीतरी वर चढलं, अंगावर काटा आला आणि असा आनंद झाला, लहानपणी जिन्याच्या शेवटच्या चार पायऱ्यांवरून एकदम उडी मारल्यावर व्हायचा तसा. वीसेक सेकंद टिकलं. मग साडी गेली, तोंडाला कोरड पडली, आणि खाली उभ्या बाईंनी काय मागितलं होतं ते काही केल्या आठवेना.

तिसऱ्या महिन्यापासून हे रोज होऊ लागलं. कधी दिवसातून दोनदा. मी समजलो, कला पिकली! इतकी वर्षं रियाज केला त्याचं फळ आलं. भेटेल त्याला सांगत सुटलो.

"वैशाली, आता बोलवावंही लागत नाही. आपोआप येतात!"

"येतात तेव्हा तुमचं तोंड उघडं राहते," ती म्हणाली. "आवाज दिला तर ऐकू येत नाही तुम्हाले."

"पाहून राहिलो ना मी."

"काय पाहून राहिले? समोर गिऱ्हाईक उभं असते."

मी तिचं बोलणं हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर मी त्या वीस सेकंदांची वाट बघायला लागलो होतो. सकाळी शटर उघडताना मनात यायचं, आज कोणती येते बघू.

साडीचा रंग उतरला

आमच्या पाऱ्यातल्या मालतीकाकूंच्या मुलाचं लग्न होतं. त्यांनी आपली रेशमी साडी रीतीप्रमाणे दारावरून दाखवली, महिन्याने दुकानात आल्या, मी कापड काढून दिलं. वांगी रंगाचं. त्यांनी ते शिवायला दिलं, बाह्यांवर भरतकाम करून घेतलं, पाठीला लटकन लावले. आणि या सगळ्यात, शिंप्यापासून भरतकामवालीपर्यंत, कुणीही ते कापड साडीला लावून पाहिलं नाही. कशाला पाहतील? प्रमोदभाऊंनी दिलंय.

लग्नाच्या दिवशी काकूंनी साडी नेसली तेव्हा कळलं. साडी होती आमसुली. शेजारी वांगी ब्लाऊज असा ओरडत होता की फोटोवाल्यानेही विचारलं म्हणे.

चार दिवसांनी काकू दोन्ही घेऊन दुकानात आल्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तर त्या म्हणाल्या, "भाऊ, साडीचा रंग उतरला वाटते. घडीतल्या घडीत उतरला. साडीवाल्यानं फसवलं मले."

आणि मी काय म्हणालो? "डांबरगोळ्यांनी होते असं, काकू."

मी खोटं बोलत नव्हतो. डोळे मिटले की मला ती साडी वांगी रंगाची दिसत होती, स्वच्छ, लख्ख. हातातली साडी आमसुली होती, म्हणजे हातातलीच चुकली. आम्ही दोघं मिळून त्या बिचाऱ्या साडीलाच दोष देत बसलो. वैशाली दोन्ही घेऊन पायरीवर उजेडात गेली, उलटसुलट करून पाहिलं आणि आत आली.

"साडी कोरी करकरीत आहे. रंग-बिंग काही उतरला नाही."

मी तिच्यावर चिडलो, उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच 'ते' आलं. ते गेल्यावर पाहतो तर काकू पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या, चेहरा पांढरा पडलेला, आणि माझा हात काउंटरवरची कात्री उगाच इकडून तिकडे सरकवतोय. वैशालीने अर्धं शटर खाली ओढलं. "चला," एवढंच म्हणाली.

बोराएवढं

समता कॉलनीत एका मेंदूच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. डॉक्टर मॅडम आमच्या मुलीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी विचारलं, "क्या दिखता है?" झालं. मी पंधरा मिनिटं बोलत होतो. आत्याची गाजरी, शेजारणीची मोरपंखी, अंगावरचा काटा, तो आनंद. असं ऐकून घेणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं होतं. त्या लिहीत होत्या. मग त्यांनी वैशालीला एकच प्रश्न केला, "उस वक्त ये जवाब देते हैं?"

"नहीं देते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "भैया, ये दौरे हैं."

मी भडकलो. दौरा म्हणजे फिट, माणूस पडतो, तोंडाला फेस येतो, कुणीतरी कांदा घेऊन धावतं. "मॅडम, मुझे तो मजा आता है!"

"कुछ लोगों को आता है," त्या शांतपणे म्हणाल्या.

एमआरआय झाला. डोक्यात मागच्या बाजूला, डावीकडे, बोराएवढी गाठ. ऑपरेशन करणारे डॉक्टर वेगळे, एका मोठ्या इस्पितळातले, हळू आवाजाचे सडपातळ गृहस्थ. गाठ वाईट जातीची वाटत नाही, पण काढल्यावरच नक्की कळेल, थांबण्यात अर्थ नाही, दौरे वाढत जातील, असं त्यांनी सांगितलं. वैशाली खर्चाचं, दिवसांचं, धोक्याचं विचारत राहिली. मी एकच विचारलं. "मेरी साड़ियाँ?"

त्यांना समजावून सांगावं लागलं. समजल्यावर त्यांनी फिल्मवर बोट ठेवलं. म्हणाले, तुमची चित्रं ज्या वाटेने येतात तिथेच ही बसली आहे. कदाचित राहतील, कदाचित जातील. "लिखकर नहीं दे सकता."

घरी येताना मी मरणाला भीत नव्हतो. माझा अपमान झाल्यासारखं वाटत होतं. ज्याच्या जिवावर मी सदर बाजारात मान वर करून बसत होतो, ते कापून काढायची परवानगी माझ्याकडूनच मागत होते. साड्या गेल्या तर त्या दुकानात मी कोण? कापड फाडून देणारा एक माणूस. मी ऑपरेशनला नाही म्हणालो.

गोळी

आता मूर्खपणाचा भाग. वाचणाऱ्याने हा नीट वाचावा.

गोळ्यांनी दौरे थांबले. पण माझी नेहमीची चित्रंही मलमलीच्या पडद्याआडून दिसावी तशी फिकी झाली. आठ-दहा दिवस सहन केलं. मग एका रविवारपासून संध्याकाळची गोळी मी बेसिनमध्ये टाकायला लागलो. चित्रं परत आली! आनंद आला, काटा आला, सगळं आलं. मी खूश. वैशालीला म्हणालो, बघ, गोळ्यांनी किती बरं वाटतंय.

नवव्या दिवशी दुकानात स्टुलावरून कोसळलो. त्यातलं मला काहीही आठवत नाही. जागा झालो तेव्हा जमिनीवर होतो, जीभ चावलेली, खांदा ठणकत होता आणि डोक्याखाली वैशालीचा तळहात होता. तिच्या बांगड्या फुटून मनगटात घुसल्या होत्या. तिने मध्ये हात घातला म्हणून माझं डोकं काउंटरच्या काचेवर आपटलं नाही.

"गोळ्या घेतल्या होत्या ना?" तिने विचारलं. मी तोंड फिरवलं. तिला कळलं.

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक केला, गोळ्या हातात दिल्या, पाण्याचा ग्लास दिला, आणि लहान पोराला करायला लावतात तसं तोंड उघडून जीभ वर करायला लावली. बोलली मात्र नाही. मनगटाला पट्टी होती. त्या पट्टीकडे बघून मला जेवण जात नव्हतं.

पोपट

आमची मुलगी रुचा भिलाईला नोकरीला आहे. ती तिसऱ्या दिवशी आली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. आल्या आल्या माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"पापा, डर किस चीज़ का है? मरने का?"

"चित्रं जातील," मी म्हणालो.

"आपने कभी चेक किया कि वो सही होती हैं?"

पन्नास वर्षांत हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. चेक काय करायचं? रंग जुळायचा, बायका खूश होऊन जायच्या, म्हणजे चित्र बरोबरच असणार.

रुचाने मला बाहेरच्या खोलीत बसवलं, आईचं कपाट उघडलं आणि बारा साड्यांचे फोटो काढून घेतले. मग एकेकीचं नाव घेऊन विचारलं. कापड कुठलं, रंग कुठला, काठ कसा, पदरावर काय. मी डोळे मिटून धडाधड सांगत गेलो. ती लिहीत गेली. शेवटी हिशेब केला. रंग बारापैकी अकरा बरोबर. काठ सात चूक! एका चॉकलेटी साडीच्या पदरावर मी सहा पोपट मोजून सांगितले होते. रुचाने ती साडी आणून माझ्या मांडीवर पसरली. एकही पोपट नव्हता. कोयऱ्या होत्या.

मी साडीकडे पाहिलं. कोयऱ्या. डोळे मिटले. पोपट! उघडले. कोयऱ्या. मिटले. पुन्हा पोपट, लाल चोचींसकट!

मला हसू फुटलं. मी ओरडलो, "अगं, हे पोपट कुठून आले?"

स्वयंपाकघरातून वैशालीचा आवाज आला, दोन दिवसांतला पहिला. "माझ्या बहिणीच्या साडीवर आहेत पोपट."

आम्ही तिघंही हसायला लागलो. हसता हसता वैशाली दारात येऊन रडायला लागली, आणि मग मीही.

पुढच्या भेटीत डॉक्टर मॅडमना मी आधी पोपटच सांगितले. त्यांनाही मजा वाटली. त्यांनी मला साध्या शब्दांत समजावलं. डोक्यात फोटो कुणीच ठेवत नाही. थोडंथोडं काहीतरी ठेवलं जातं, वेगवेगळ्या जागी, आणि हवं तेव्हा त्यातून दरवेळी नवं चित्र रंगवलं जातं. कुणाचा रंग गडद बसतो, माझ्यासारखा. कुणाचा फिका. आणि काही लोकांना चित्र दिसतच नाही, तरी त्यांचं सगळं नीट चालतं.

"म्हणजे वैशालीला खरंच काळं दिसतं?" मी उडालोच. पंचवीस वर्षं झाली आमच्या लग्नाला!

"हव," वैशाली म्हणाली. "सांगितलं होतं मी."

पण मग माझं डोकं धावायला लागलं. वैशालीला चित्र दिसत नाही, तरी स्वतःची साडी ती शंभरातून ओळखते. माझ्या चित्रात पोपट चुकले, पण रंग बरोबर आला. मग तो रंग चित्रात होता की आणखी कुठे, जिथून चित्र रंगवलं गेलं? चित्र गेलं तर रंग जाईलच कशावरून? मॅडमना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "ये तो ऑपरेशन के बाद आप मुझे बताइएगा."

भीती गेली नव्हती, अजिबात गेली नव्हती. पण आता मला उत्तर हवं होतं. त्याच दिवशी मी होकार दिला.

वॉर्ड

इस्पितळाचा दिवस फार लवकर सुरू होतो. थर्मामीटर, बीपी, झाडू, चहा, मोठे डॉक्टर, आणि मग संध्याकाळपर्यंत करायला काही नाही. मी चादरींचे रंग बघत पडायचो. एकाच निळ्या रंगाच्या म्हणून आणलेल्या चादरींत पाच वेगळे निळे होते. हे मी सिस्टरना सांगितलं तर त्यांनी माझं बीपी पुन्हा मोजलं.

एक आया होत्या, गावाकडच्या, छत्तीसगढीच बोलायच्या. ऑपरेशनच्या सकाळी माझं डोकं भादरलं, मी आरशात पाहिलं आणि आरसा उलटा करून ठेवला. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "झन डर्रा भैया, सब बने होही." घाबरू नको, सगळं चांगलं होईल. त्यांना माझ्या गाठीचं काही ठाऊक नव्हतं. पण सगळ्या इस्पितळात तेवढं एकच वाक्य मला थेट पोटात उतरलं.

स्ट्रेचरवर घेतल्यावर वैशाली वाकून म्हणाली, "रंग गेले तर जाऊ द्या. साड्या पिशवीत घालून आणतील लोक. तुम्ही या फक्त."

मला तेव्हा राग आला होता. जाता जाता हे बोलायचं?

मिटले तर

शुद्धीवर आलो, डोकं ढोलासारखं वाजत होतं. पहिलं काम काय केलं असेल? डोळे मिटले.

काही नाही. आत्याची गाजरी बोलावली. नाही. आईची, वैशालीची, दुकानातली थानांची रांग, आमच्या घराचं दार. काही नाही. मी मोठ्याने रडायला लागलो. सिस्टरना वाटलं, टाके दुखतात, त्यांनी इंजेक्शन आणलं. वैशालीला आत सोडलं तेव्हा मी तिला म्हणालो, "गेल्या."

"कोण गेल्या?"

"साड्या."

ती माझ्या पायाशी बसली. पाय चेपायला लागली. मग म्हणाली, "आता तुम्हाले माझ्यासारखं दिसून राहिलं." इतक्या वर्षांत मी तिला कधी विचारलं नव्हतं की ते कसं असतं. तेव्हा विचारलं. तिने सांगितलं. मग आम्ही दोघांनीही डोळे मिटले.

पाचव्या दिवशी रुचा दुकानातून कातरणं घेऊन आली. प्याजी, म्हणजे कांद्याच्या सालीच्या रंगाची सात, एकापेक्षा एक जवळची. म्हणाली, "मम्मी की वो प्याजी साड़ी, जो मेरे कॉलेज के फंक्शन में पहनी थी. कौन सा है?"

"दिसत नाही म्हणतो ना मी!"

"दिखना नहीं है, पापा. बस हाँ या ना बोलो."

तिने पहिलं कातरण पुढे धरलं. मी वैतागून म्हणालो, नाही. दुसरं. नाही. तिसरं. नाही. चौथं.

"हा."

माझ्या तोंडून निघून गेलं. मला काहीही दिसलं नव्हतं. दिवे गेल्यावर घरात चालताना हात बरोबर बटणावर पडतो, तसं काहीतरी झालं. रुचाने मोबाइलवरचा फोटो बघितला नाही, ती हुशार आहे, फोटोत रंग खरा येत नाही हे तिला माझ्याकडूनच ठाऊक. तिने पिशवीतून ती साडीच काढली आणि कातरण वर ठेवलं. दिसेना झालं, इतकं जुळलं.

"अजून!" मी म्हणालो. "अजून आण!"

मी इतका ओरडलो की सिस्टर धावत आल्या आणि टाक्यांवरून आम्हाला सगळ्यांना झापलं. आया दारात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मी रुचाला लगेच डॉक्टर मॅडमना फोन लावायला सांगितलं. "मॅडम, रंग दुसऱ्या जागी होता! चित्र गेलं, रंग आहे!" त्या म्हणाल्या, जरा हळू बोला. गाठीचा रिपोर्टही त्याच आठवड्यात आला. वाईट जातीची नव्हती. घरचे सगळे त्या रिपोर्टने आनंदले, आणि मी कातरणांनी.

पायरीवर

घरी आल्यावर दोन महिने सोपे नव्हते. उजवीकडचं थोडं कमी दिसतं, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. दुपारी थकून जातो. चिडचिड इतकी की स्वतःचाच कंटाळा येतो. गोळ्या अजून चालू आहेत, वेळेवर घेतो, आणि वैशाली अजून तोंड उघडायला लावते.

दुकान तिने चालवलं. मी परत गेलो तेव्हा काउंटरवर पाटी होती, 'कृपया साडी सोबत आणावी.' मी दीड दिवस रुसलो. धंदा नीट चालला होता, हे पाहून आणखी अर्धा दिवस.

पण खरी धाकधूक वेगळीच होती. कातरणांतल्या साड्या मी जुन्या डोक्याने पाहिलेल्या होत्या. आता जी साडी नव्याने पाहीन, ती राहील का? की आल्या वाटेने निघून जाईल? हे कुणीच सांगू शकत नव्हतं, आणि मी स्वतःहून करून बघायला धजत नव्हतो.

मग एका सोमवारी सकाळी शाळेत शिकवणाऱ्या सुलभाताई आमच्या दारावरून जाताना थांबल्या. पिशवीतून पदर काढला. "प्रमोदभाऊ, पाहून ठेवा." ऑपरेशननंतर असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. मी मान वर केली. पाहिली. त्या गेल्या. डोळे मिटले. काही नाही.

गुरुवारी त्या दुकानात आल्या, मोकळ्या हाताने. वैशालीने पाटीकडे बोट केलं.

"हे आमच्यासाठी आहे का?" सुलभाताई म्हणाल्या. "भाऊंनी पाहिली आहे."

मी वैशालीला थानं काढायला सांगितली. मला आता स्टुलावर चढू देत नाहीत. रामा, फिरोजी, मोरपंखी, त्यातल्या त्यात नऊ छटा. एकेक काउंटरवर टाकली. नाही. नाही. हेही नाही. चौथ्यावर काहीतरी हललं. पाचवं नाही. सहावं नाही. परत चौथं ओढून घेतलं.

"हा," मी म्हणालो.

वैशालीने कात्री उचलली आणि माझ्याकडे बघितलं. मी तिचा हात धरला. "सुलभाताई, साडी घेऊन या."

त्यांचा चेहरा उतरला. ज्या दयेने मी नव्या गिऱ्हाइकांकडे बघायचो, त्याच दयेने त्या आता माझ्याकडे बघत होत्या. "काहून भाऊ? आठवत नाही का?"

"रंग हाच आहे. पण घेऊन या."

त्या कुरकुरत गेल्या आणि वीस मिनिटांनी स्कूटीवरून परत आल्या. वैशाली थान आणि साडी घेऊन पायरीवर उभी राहिली. एकदा उन्हात धरलं, एकदा सावलीत. मी कापडाकडे बघत नव्हतो, तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती वळली.

"दोऱ्याचाही फरक नाही," ती म्हणाली. आणि मग पदराने डोळे पुसून एकदम रागावल्यासारखी, "कापू का आता?"

मला वाटलं होतं, असं झालं तर मी सगळ्या सदर बाजाराला ऐकू जाईल असा ओरडेन. पण मी पायरीवर आलो होतो आणि साडी उन्हात होती. त्या मोरपंखीत एक जांभळा दोरा आडवा विणलेला होता. कापड हललं की उठायचा, थांबलं की बुडायचा. काठावर बारीक रुईफुलं होती, त्यातलं एक विणणाऱ्याच्या हातून वाकडं गेलं होतं. सोमवारी मी यातलं काही पाहिलं नव्हतं. या साड्यांच्या धंद्यात जन्म गेला, पण पाहिलेली साडी पुन्हा पाहायची गरजच मला कधी पडली नव्हती. आता ही पिशवीत गेली की माझ्यापुरती गेली.

सुलभाताईंना शाळेची घाई होती. त्यांनी घडी घालायला हात पुढे केला. "झालं ना भाऊ? जुळलं ना?"

"जुळलं हो," मी म्हणालो. "पण घडी नका घालू अजून. थांबा जरा."